सहा पाय, अठरा सांधे

चालणारा रोबो करायचा ठरवल्यावर चार पायांचा की सहा पायांचा, या प्रश्नात मी फार काळ अडकले नाही. चार पायांपैकी एक उचलला की तीन उरतात, आणि वेग हवा असेल तर दोनच टेकलेले राहतात. दोन पायांवर तोल सावरायचा तर सेन्सर लागतात, चपळ मोटरी लागतात, क्षणाक्षणाला हिशेब लागतो. सहा पायांतले तीन उचलले तरी तीन जमिनीवर असतात, आणि तीन ठिकाणी टेकलेली वस्तू जागच्या जागी थिजली तरी पडत नाही. एखादी मोटर अडली, कोडमधलं गणित उशिरा पोचलं, तरी रोबो आहे त्या अवस्थेत उभा राहणार. घरी, एकटीने, हाताशी असलेल्या साधनांनी करायच्या कामात ही केवढी मोठी सोय आहे!

खरा निर्णय होता तो एका पायाला किती सांधे द्यायचे याचा. १९८९ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात रोबोशास्त्रज्ञ रॉडनी ब्रुक्स यांनी जगासमोर आणलेला जेंगिस हा सहा पायांचा रोबो पायागणिक दोनच मोटरींवर चालायचा. एक मोटर पाय पुढे-मागे न्यायची, दुसरी वर-खाली. सगळ्या मिळून बारा मोटरी, वजन किलोभर, आणि तरीही अडथळ्यांवरून चढून जाण्याची धमक. इतक्या कमी सामानात इतकं काम साधणं मला आजही विलक्षण वाटतं. पण दोन सांध्यांच्या पायाला एक बंधन आहे. पाय खुब्यापाशी फिरला की पाऊल कंसात फिरतं, आणि शरीराला मात्र सरळ पुढे जायचं असतं. त्यामुळे टेकलेलं पाऊल जमिनीवर थोडं आत, थोडं बाहेर घसरत राहतं. तिसरा सांधा दिला की पाऊल एका जागी रोवून ठेवून शरीर त्याच्यावरून सरळ रेषेत नेता येतं. मला तेच हवं होतं. म्हणून खुबा, मांडी आणि नडगी असे तीन सांधे, सहा पायांचे मिळून अठरा.

अठरा मोटरी म्हटल्यावर सगळ्यांत आधी वजनाचा हिशेब मांडला. एमजी९९६आर ही धातूच्या गिअरची सर्व्हो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणारी मोटर, ५५ ग्रॅमची. अठरांचे झाले ९९० ग्रॅम. सांगाडा नाही, बॅटरी नाही, वायर नाही, आणि तरी किलोभर वजन झालंच. बाकी सगळं धरून एकूण दोन किलो होतील असा अंदाज बांधला. हे दोन किलो तीन पायांवर वाटले जाणार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ६७० ग्रॅम, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वाटणी अशी सारखी होत नाही. तीन पायांच्या चालीत एका बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन पाय टेकलेले असतात आणि दुसऱ्या बाजूचा फक्त मधला. त्या बाजूचा सगळा भार मधल्या पायाने एकट्याने पेलायचा. पावलं मध्यरेषेपासून सारख्याच अंतरावर असतील तर मधल्या पायावर निम्मं वजन येतं, म्हणजे पूर्ण एक किलो. उरलेल्या दोघांवर पाव-पाव.

मांडीच्या सांध्यापासून पावलापर्यंतचं आडवं अंतर मी ६.५ सेंमी ठेवणार होते. एक किलो गुणिले साडेसहा, म्हणजे त्या सांध्यावर ६.५ किलो-सेंमीचा पीळ (टॉर्क). मोटरीच्या माहितीपत्रकात ६ व्होल्टवर ११ किलो-सेंमी हा आकडा आहे, पण तो मोटर अडून बसते तेव्हाचा आहे. त्या भाराला ती जागची हलत नाही, नुसती वीज खाते आणि तापते. सतत काम करून घ्यायचं असेल तर या आकड्याच्या निम्म्याच्या आत राहायचं, असा मी नियम केला होता. साडेसहा त्यात बसत नव्हते.

यावर जास्त ताकदीच्या मोटरी हा एक उपाय, पण त्या वजनदार असतात आणि वजन वाढलं की पुन्हा पीळ वाढतो. दुसरा उपाय कागदावर टेकलेल्या तीन पावलांचा त्रिकोण काढताना सापडला. मधले पाय सांध्यासकट बाहेर सरकवून जास्त लांब टेकवायचे. माझ्या आराखड्यात मधलं पाऊल मध्यरेषेपासून १६५ मिमीवर आणि कोपऱ्यातली पावलं ११० मिमीवर ठेवली. मग मधल्या पायाचा वाटा ११० भागिले २७५, म्हणजे चाळीस टक्के होतो. एक किलोचे ८०० ग्रॅम झाले आणि साडेसहाचा पीळ ५.२ वर आला. एकही ग्रॅम कमी न करता, एकही मोटर न बदलता, फक्त पाय कुठे टेकतो ते बदलून. सहा पायांच्या यंत्रांची चित्रं पाहताना मधली जोडी बाहेर काढलेली दिसते ती शोभेसाठी असावी, असं मला आधी वाटायचं. या हिशेबानंतर त्या चित्रांकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

त्याच त्रिकोणावरून पावलाची लांबीही ठरली. पुढची-मागची पावलं मध्यापासून १५० मिमी पुढे आणि तितकीच मागे. या मापांनी आधाराच्या त्रिकोणाची तिरकी कड शरीराच्या मध्याच्या ९० मिमी पुढून जाते. पाऊल ६० मिमीचं घेतलं तर शरीर मध्याच्या ३० मिमी पुढे आणि ३० मिमी मागे इतकंच सरकतं, म्हणजे कडेपर्यंत ६० मिमीची मोकळीक उरते. बॅटरी थोडी पुढे सरकली, जमीन थोडी उतरती असली, तरी गुरुत्वमध्य त्रिकोणाबाहेर जात नाही. या मोकळिकीमुळेच पुढच्या कामात मला धीर होता.

सांगाड्याबद्दल थोडक्यात सांगते. सगळे भाग पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापले. दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे मांडीचा तुकडा उभा छापायचा नाही. छापील वस्तूचे थर एकमेकांना जिथे चिकटतात तिथे ती सगळ्यांत कमकुवत असते आणि उभ्या छापलेल्या मांडीवर वाकवणारा जोर नेमका थर उकलेल असा येतो. आडवी छापली की तोच जोर थरांच्या लांबीने पसरतो. दुसरी गोष्ट, सांध्याला दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा. एका बाजूला मोटरीचा दांडा आणि त्याच्या बरोबर समोर ३ मिमी भोकाचं ६२३ क्रमांकाचं छोटं बेअरिंग. एकाच बाजूने धरलेला पाय भार आला की तिरका होतो, आणि मग कोडमध्ये कितीही अचूक कोन काढा, पाऊल तिथे पोचत नाही.

विजेच्या बाबतीत मी जास्त सावध होते. अठराही मोटरी एकाच वेळी अडल्या तर प्रत्येकी २.५ अँपिअरप्रमाणे ४५ अँपिअर लागतील. तसं सहसा होत नाही, पण पाय आपटतो किंवा सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात तेव्हा क्षणभर मोठी ओढ लागते. त्या क्षणी व्होल्टेज खाली गेलं की मेंदूचं काम करणारा बोर्ड बंद पडून पुन्हा चालू होतो आणि रोबो चालता चालता बसकण मारतो. म्हणून डाव्या पायांना व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर ठेवणारा एक रेग्युलेटर, उजव्या पायांना दुसरा आणि मेंदूला तिसरा, अगदी छोटा. तिघांची ऋण वायर मात्र एकत्र जोडलेली, कारण इशाऱ्याचं व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं हे सगळ्यांना सारखंच कळावं लागतं. बॅटरी दोन सेलची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर. ती पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट देते, मोटरींना हवेत ६, म्हणून रेग्युलेटर अटळ. प्रत्येक सेल ३.५ व्होल्टवर आला की रोबो आपणहून खाली बसेल अशी सोय कोडमध्ये केली. लायपोचा सेल ३ च्या खाली गेला की कायमचा खराब होऊ शकतो आणि पुन्हा भरताना धोकादायकही ठरतो. इथे तडजोड करू नये. चार्ज करताना मी समोरून उठत नाही.

मोटरींना इशारे देण्यासाठी पीसीए९६८५ या चिपचे दोन बोर्ड घेतले. एकावर सोळा मोटरी बसतात, त्यामुळे दोन लागतातच. मी सोळा आणि दोन अशी वाटणी न करता नऊ-नऊ केली, डावीकडचे डावीकडे आणि उजवीकडचे उजवीकडे. वायरी आखूड राहिल्या आणि कोडही सरळ झाला. दुसऱ्या बोर्डाचा पत्ता बदलायला त्यावरच्या दोन टोकांमध्ये सोल्डरचा एक ठिपका द्यावा लागतो, एवढंच.

सर्व्हो मोटरीला दर २० मिलिसेकंदांनी एक ठोका द्यायचा असतो आणि त्या ठोक्याच्या रुंदीवरून ती कोन ठरवते. दीड मिलिसेकंद म्हणजे मध्य. ही चिप २० मिलिसेकंदांचे ४०९६ भाग करते, म्हणजे एक भाग साधारण ४.९ मायक्रोसेकंदांचा. कोनाच्या भाषेत अर्ध्या अंशाहून थोडा कमी आणि पावलापाशी जेमतेम एक मिलिमीटर. घरच्या रोबोला हे पुरेसं आहे. पण या चिपचं आतलं घड्याळ कागदावर २५ मेगाहर्ट्झचं असलं तरी प्रत्येक नगात ते थोडं कमी-जास्त चालतं. माझे दोन्ही बोर्ड एकाच आकड्याला वेगवेगळ्या रुंदीचे ठोके देत होते. डावे पाय सरळ उभे तर उजवे किंचित पुढे झुकलेले. ठोक्याची खरी रुंदी मोजून दोन्ही बोर्डांसाठी घड्याळाचा वेगळा आकडा कोडमध्ये लिहिला, तेव्हा दोन्ही बाजू जुळल्या.

सहाही पाय एकदम जोडायचे नाहीत हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. एक पाय पक्का, तर सहा पक्के. तो एक पाय टेबलाच्या कडेला आडवा कसून बांधला आणि पावलाच्या जागी पेन लावलं. खाली कागद. काम एकच: या पायाने ६० मिमीची सरळ रेघ ओढायची.

आधी फक्त खुब्याची मोटर फिरवून बघितली. कागदावर अपेक्षेप्रमाणे सुरेख कंस उमटला. जेंगिसच्या पायाबद्दल वर लिहिलं ते डोळ्यांनी दिसलं. मग तीनही सांध्यांचं गणित जोडलं. हे गणित ऐकायला अवघड वाटतं, पण आत एक साधा त्रिकोण आहे. माझी मांडी ६५ मिमी, नडगी १०० मिमी, आणि खुब्याचा तुकडा ४० मिमी. पाऊल कुठे हवं ते ठरलं की वरून पाहून खुब्याचा कोन मिळतो. मग बाजूने पाहायचं. मांडीच्या सांध्यापासून पावलापर्यंतची सरळ रेषा ही त्रिकोणाची तिसरी बाजू. तीन बाजू माहीत असल्या की कोज्या सूत्राने आतले कोन निघतात. शाळेत शिकलेलं ते सूत्र इतक्या वर्षांनी हातात घेतलं आणि त्याने खरोखर एक पाय हलवला, याचा आनंद मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

कोड बरोबर आहे की नाही ते तपासायला एक उत्तर आधीच माहीत असलेलं उदाहरण हाताशी ठेवावं. मांडी आडवी आणि नडगी सरळ खाली असेल तर पाऊल मांडीच्या सांध्यापासून ६५ मिमी बाहेर आणि १०० मिमी खाली असतं. तिसरी बाजू ११९.३ मिमी, आणि गुडघ्याचा कोन बरोबर ९० अंश यायला हवा. कोडने नव्वद दाखवले की पुढे जायचं. आणखी एक पहारा लागतो. मांडी आणि नडगी मिळून १६५ मिमी होतात. त्यापलीकडचा बिंदू मागितला तर सूत्राला उत्तरच नसतं, कोड निरर्थक आकडा देतो आणि मोटर तो आकडा खरा मानून झटका मारते. म्हणून दर वेळी सूत्राआधी अंतर तपासायचं आणि फार झालं तर हद्दीवर थांबवायचं. मेंदू म्हणून मी ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर वापरला. दशांश अपूर्णांकांची गणितं तो भराभर करतो, सहा पायांचं सगळं त्रिकोणमितीचं काम २० मिलिसेकंदांत करूनही त्याला भरपूर सवड उरते.

पेनाची रेघ पहिल्यांदा सरळ आली नाही. तिला मधे हलकासा बाक होता, आणि तो दर वेळी त्याच जागी. दर वेळी त्याच जागी येणारी चूक मापात असते, हे ओळखायला मला त्या रेघेनेच शिकवलं. गणितात मांडी ६५ मिमी होती, छापलेली मांडी भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजली तर किंचित जास्त होती. खरी मापं घातली, बाक बराच कमी झाला. उरलेला बाक कोनांचा होता.

या कोनांवर मी सगळ्यांत जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. मोटरीच्या दांड्यावर २५ दाते असतात. त्यावर बसणारी पट्टी एक दाता सरकवली की १४.४ अंशांनी फिरते. त्यामुळे मोटर मध्यावर असताना पाय अगदी नव्वद अंशांवर बसवणं सहसा शक्यच नसतं, जास्तीत जास्त सात अंशांचा फरक राहतो. सात अंश ऐकायला कमी वाटतात. १०० मिमीच्या नडगीच्या टोकाला ते बारा मिलिमीटरांहून जास्त होतात. हा फरक स्क्रूने जात नाही, तो मोजून कोडमध्ये लिहावा लागतो. अठरा सांध्यांचे अठरा आकडे. मी एक काटकोनी साचा छापला, त्यात पाय बसवायचा, पाय साच्याला बरोबर टेकेपर्यंत आकडा एकेकाने हलवायचा, टिपून ठेवायचा. कंटाळवाणं काम आहे. पण पेनाची रेघ शेवटी पट्टीने ओढल्यासारखी आली ती याच आकड्यांमुळे.

सहा पाय जोडल्यावर मी रोबोला चालवलं नाही. आधी उभं केलं. चालू होताना पाय कुठे आहे हे कोडला ठाऊक नसतं, आणि पहिला इशारा मिळताच सर्व्हो पूर्ण वेगाने सांगितलेल्या कोनावर उडी घेते. म्हणून रोबोला एका खोक्यावर ठेवलं, पाय अधांतरी, आणि एकेक पाय थोड्या थोड्या वेळाने जागा केला. मग सहाही पावलं एकसारखी, सावकाश खाली. ती जमिनीला टेकली, शरीर खोक्यावरून उचललं गेलं, दोन किलोंचा डोलारा आपल्या पायांवर उभा राहिला.

आणि इथेच मला या सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली. उभं राहणं ही शांत स्थिती नसते. मोटरी गुणगुणत होत्या आणि काहीही न करता बॅटरीतून साडेतीन अँपिअर जात होते. थोड्या वेळाने हात लावला तर डावीकडच्या मधल्या पायाची मांडी तापलेली. वजनाच्या हिशेबाने सहा पायांवर उभं असताना इतकं व्हायला नको. कारण असं की सहा पाय आणि जमीन मिळून एक बंद साखळी होते. एका पावलाचा आकडा तीन मिलिमीटर बाहेर असेल तर ते पाऊल जमिनीवर सहजी घसरत नाही, भाराखाली घट्ट अडून राहतं, आणि मोटर त्याला बाहेर ढकलत राहते. समोरचा पाय त्याच जोराला विरोध करतो. दोन मोटरी जमिनीच्या आडून एकमेकींशी कुस्ती खेळत असतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कळतं ते फक्त मीटरवर. म्हणून मी मीटरकडे बघत एकेक पाय उचलून पुन्हा टेकवला. एखादा पाय उचलल्यावर वीज लक्षणीय कमी झाली, तर तो पाय भांडत होता. त्याचे आकडे पुन्हा साच्यात घालून तपासले. सगळं जुळल्यावर उभ्याचा खर्च दीड अँपिअरच्या आसपास आला आणि गुणगुणही बरीच कमी झाली.

चालीकडे वळले तेव्हा डोक्यात उचललेल्या पायाचंच चित्र होतं: किती उंच उचलायचा, कसा पुढे न्यायचा. प्रत्यक्षात उचललेल्या पायाला कोड थोडा लागला. साधी कमान, वर जाताना आणि खाली येताना वेग हळू, बस. चाल घडते ती टेकलेल्या पायांमुळे. ते सगळे एकाच वेगाने, एकाच दिशेने, सरळ रेषेत मागे गेले तर शरीर पुढे जातं. त्यातला एक जरी जरा वेगळा गेला की उभं असताना जी कुस्ती होत होती ती चालताना होते.

पाय कोणत्या क्रमाने उचलायचे हे कीटकांनी आधीच सोडवून ठेवलेलं आहे. डोनाल्ड विल्सन या शास्त्रज्ञाने १९६६ साली कीटकांच्या चालीचा आढावा घेताना काही नियम मांडले होते, त्यातले दोन अगदी सोपे आहेत. पाय उचलण्याची लाट मागून पुढे जाते आणि मागचा पाय टेकल्याशिवाय त्याच्या पुढचा उचलला जात नाही. आणि एकाच जोडीतले डावे-उजवे पाय आळीपाळीने उचलले जातात. हे नियम मी वाचले तेव्हा माझ्या वहीत तीन चालींचे तीन वेगळे तक्ते होते: एका वेळी एक पाय, दोन पाय आणि तीन पाय. विल्सन यांच्या मांडणीत या तीन वेगळ्या चाली उरत नाहीत. पाय हवेत असण्याचा वेळ सारखाच ठेवायचा आणि टेकलेला असण्याचा वेळ कमी-जास्त करायचा, की एकीतून दुसरी आपोआप उमटते. मी तीनही तक्ते काढून टाकले आणि एकच आकडा ठेवला.

माझा पाय ०.४ सेकंद हवेत असतो. टेकलेला वेळही ०.४ सेकंद ठेवला तर तीन-तीन पायांची चाल होते, आणि ६० मिमीच्या पावलाने रोबो सेकंदाला १५० मिमी जातो. टेकलेला वेळ ०.८ केला तर सरासरी चार पाय जमिनीवर राहतात आणि वेग ७५ मिमी. दोन सेकंद केला तर एका वेळी एकच पाय उचलला जातो, पाच टेकलेले, वेग फक्त ३० मिमी. या शेवटच्या चालीत मधल्या पायावरचा भार खूप कमी होतो आणि मोटरी गार राहतात. त्यामुळे काही नवं करून बघायचं असेल तर मी नेहमी पाच पायांवरच्या चालीतच बघते. वेगाचं आकर्षण मला कधी वाटलं नाही. संथ चालीत मागून पुढे सरकणारी ती लाट डोळ्यांनी नीट दिसते आणि तिच्याकडे मी कितीही वेळ बघू शकते.

वळण्यासाठी वेगळा कोड लिहावा लागला नाही. शरीर एखाद्या बिंदूभोवती फिरतंय असं मानायचं आणि प्रत्येक टेकलेलं पाऊल त्या बिंदूभोवती उलट्या दिशेने तेवढ्याच कोनाने फिरवायचं. बिंदू शरीराच्या मध्यात असेल तर रोबो जागच्या जागी फिरतो, लांब असेल तर मोठं वळण घेतो. फार लांब नेला तर सरळ चालणंच होतं. मात्र वळताना मधली पावलं आणि कोपऱ्यातली पावलं सारखं अंतर कापत नाहीत. जे पाऊल सर्वांत जास्त सरकणार त्याला ६० मिमीची मर्यादा घालायची आणि बाकीच्यांनी त्या प्रमाणात चालायचं.

पावलांना सुरुवातीला नुसती छापील टोकं होती. ती फरशीवर घसरत. घसरणारं पाऊल वाईट, हे तर खरंच, पण घसरण्यामुळे आकड्यांमधले दोष झाकले जातात हे जास्त वाईट. रबरी टोप्या बसवल्या आणि सगळे लपलेले दोष पुन्हा मीटरवर दिसायला लागले. ज्यांना कुणाला असा रोबो करायचा असेल त्यांनी रबर पहिल्या दिवसापासून लावावं, असं माझं ठाम मत आहे.

सपाट जमिनीवर चाल बसल्यावर राहिला प्रश्न उंचसखल जागेचा. कोडला जमीन सपाट आहे असंच वाटत असतं. एखाद्या पावलाखाली पुस्तक आलं तर पाऊल पुस्तकावर टेकूनही खाली दाबत राहतं, शरीर तिरकं होतं, आणि दुसऱ्या बाजूचा पाय अधांतरी राहतो. म्हणून प्रत्येक नडगीच्या टोकात, रबरी टोपीच्या आत, एक बारीक मायक्रोस्विच बसवला. आता उचललेला पाय पुढे जातो, खाली येतो, आणि स्विच दाबला गेला की तिथेच थांबतो. त्या पावलाची उंची तीच धरली जाते. ठरलेल्या उंचीला स्विच दाबला गेला नाही तर पाऊल आणखी ३० मिमीपर्यंत खाली चाचपतं. तरीही काही लागलं नाही, तर तिथे खड्डा आहे असं समजून पाय मागे येतो आणि रोबो थांबतो. शरीराची उंची टेकलेल्या सगळ्या पावलांच्या सरासरीवर ठेवली आहे. स्विचचा इशारा क्षणभर थरथरतो, त्यामुळे लागोपाठ तीन वाचनं सारखी आली तरच ते टेकणं खरं मानते.

यात विल्सन यांचा पहिला नियम फार कामाला आला. मागचा पाय टेकल्याशिवाय पुढचा उचलायचा नाही, हे आता घड्याळावर अवलंबून राहिलं नाही, स्विचवर आलं. मागच्या पायाला जमीन सापडायला वेळ लागला तर पुढचा थांबतो. वीस-पंचवीस मिमी जाडीच्या फळ्या वेड्यावाकड्या पसरून त्यावर रोबो सोडला, तर चालीचा ठेका बिघडतो, एखादा पाय रेंगाळतो, एखादा लवकर टेकतो, पण आधाराचा त्रिकोण एकदाही मोडत नाही.

सध्याची मर्यादा उंचीची आहे. ३५ मिमीपेक्षा उंच फळी आली की पाऊल तिच्या कडेला आपटतं, कारण गुडघा तेवढा दुमडायला जागाच उरत नाही. त्यासाठी नडगी १०० ऐवजी १२० मिमीची छापून एका पायावर बघते आहे. उभ्याने मांडीच्या सांध्यावरचा पीळ त्याने वाढणार नाही, कारण तो आडव्या अंतरावर ठरतो आणि ते ६५ मिमीच राहतं. वाढेल तो चालताना खुब्यावर येणारा बाजूचा झोक, आणि शरीर २० मिमी उंच गेल्यामुळे उतारावर त्रिकोणाची मोकळीक कमी होईल. पेन पुन्हा पावलाला लावलं आहे, साचाही नव्या मापाचा छापला आहे. या पायाची रेघ सरळ आली की उरलेले पाच छापायला घेईन.